परदेश प्रवासासाठी चलन: दरात दडलेली किंमत

परदेश प्रवासाच्या खर्चात विमानाचे तिकीट, व्हिसाचे शुल्क आणि हॉटेलचे भाडे यांचे आकडे प्रवाशाला आधी कळतात व त्यांची तुलनाही तो चिकाटीने करतो. परंतु रुपये देऊन परकीय चलन घेताना जी किंमत मोजली जाते ती बहुधा कोणत्याच पावतीवर स्वतंत्रपणे दिसत नाही, कारण ती शुल्क म्हणून आकारलेली नसते, तर दराच्या पोटात घातलेली असते. डॉलर पुढच्या महिन्यात वधारेल की उतरेल याची चर्चा घराघरांत होते आणि त्या चढउतारावर प्रवाशाचा काहीही ताबा नसतो. ज्या गोष्टीवर ताबा असतो, म्हणजे आपल्याला मिळालेला दर आणि बाजारातील खरा दर यांतील अंतर, तिच्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही.

हे अंतर मोजायचे तर प्रथम मध्यदर समजून घ्यावा लागतो. बँका आपसात मोठ्या रकमांचे डॉलर विकत घेतात व विकतात तेव्हा खरेदीचा आणि विक्रीचा भाव यांत अगदी थोडा फरक असतो. त्या दोहोंच्या मधोमध असलेला भाव म्हणजे मध्यदर. वृत्तपत्रांत छापला जाणारा किंवा मोबाइलवर शोधल्यास दिसणारा दर साधारणतः याच्याच आसपासचा असतो. भारतात रुपयाचा डॉलर, युरो, पौंड आणि येन यांच्याशी असलेला संदर्भ दर पूर्वी रिझर्व्ह बँक जाहीर करीत असे. २०१८ पासून ते काम फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था करते आणि कामकाजाच्या प्रत्येक दिवशी दुपारी तो दर प्रसिद्ध होतो. (येनचा दर शंभर येनांमागे दिला जातो, हे ध्यानात न घेतल्यामुळे जपानला निघालेल्या प्रवाशांचा हिशेब कधीकधी भलतीकडेच जातो.) मध्यदराने चलन सामान्य ग्राहकाला कोणी विकत नाही, विकावे अशी अपेक्षाही नाही, पण मोजपट्टी म्हणून तो हाताशी असला, तर समोरचा विक्रेता आपल्या सेवेचे नेमके किती पैसे घेतो आहे हे अर्ध्या मिनिटात कळते.

मध्यदरावर विक्रेता आपला नफा आणि खर्च चढवतो तो चलन कोणत्या रूपात दिले जाते त्यानुसार. परदेशातील खात्यात तारेने, म्हणजे आता इलेक्ट्रॉनिक पद्धतीने, रक्कम पाठवण्यासाठी लावला जाणारा टीटी विक्री दर ग्राहकाला सर्वांत स्वस्त पडतो. आधी पैसे भरून ठेवलेल्या फॉरेक्स कार्डाचा दर त्याच्या जवळपास किंवा किंचित वर असतो. आणि प्रत्यक्ष नोटांचा दर सर्वांत चढा असतो. यामागे कारण आहे. कार्डावरील डॉलर ही केवळ खात्यातील नोंद असते, तर नोटा कोठून तरी आणाव्या लागतात, त्यांचा विमा उतरवावा लागतो, त्या तिजोरीत बिनव्याजी पडून राहतात आणि बनावट निघण्याचा धोकाही विक्रेत्याच्याच माथी असतो. म्हणून तोच विक्रेता त्याच दिवशी तेच चलन कार्डावर एका दराने आणि नोटांत दुसऱ्या दराने विकतो, यात लबाडी नाही. लबाडीला वाव मिळतो तो ‘कमिशन नाही’ या पाटीत.

गणिताच्या सोयीसाठी डॉलरचा मध्यदर ९० रुपये धरू. एका दुकानात कमिशन काहीच नाही, पण दर ९२ रुपये ५० पैसे आहे. दुसऱ्या दुकानात दर ९१ रुपये असून व्यवहारामागे २०० रुपये शुल्क आहे. हजार डॉलर घेणाऱ्याला पहिल्या ठिकाणी ९२,५०० आणि दुसऱ्या ठिकाणी ९१,२०० रुपये मोजावे लागतील, म्हणजे शुल्क ‘माफ’ करणारा विक्रेता तेराशे रुपयांनी महाग ठरला. मात्र हीच खरेदी शंभर डॉलरची असती तर पहिला ९,२५० आणि दुसरा ९,३०० रुपये घेता, म्हणजे शुल्काचा भार रकमेच्या आकारानुसार हलका किंवा जड होतो. त्यामुळे दर किती, असे विचारण्याऐवजी ‘अमुक इतके डॉलर हातात पडण्यासाठी सगळे धरून किती रुपये द्यावे लागतील’ असे विचारणे अधिक उपयोगाचे असते, आणि तो आकडा दोन-तीन ठिकाणी विचारून घेतल्यावर घासाघीस करण्यातही संकोच बाळगण्याचे कारण नाही, कारण फलकावरील दर हा बहुतेक मनी चेंजरांकडे बोलणीचा आरंभ असतो.

या ‘सगळे धरून’मध्ये वस्तू व सेवा कराचाही समावेश होतो, परंतु त्याची जितकी धास्ती घेतली जाते तितका तो मोठा नाही. चलनाच्या संपूर्ण रकमेवर १८ टक्के कर लागतो असा समज आढळतो तो चुकीचा आहे. कायद्याने सेवेचे एक ठोक मूल्य ठरवून दिलेले आहे: एक लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारात रकमेच्या एक टक्का, किमान २५० रुपये, आणि त्यापुढे दहा लाखांपर्यंत हजार रुपये अधिक वरच्या रकमेच्या अर्धा टक्का. कर आकारला जातो तो या मूल्यावर. म्हणजे एक लाखाच्या चलनावर १८० रुपये. तीन टक्के चढ्या दराने जे तीन हजार रुपये जातात त्यांच्यापुढे ही रक्कम किरकोळ आहे, पण पावतीवर छापलेली असते म्हणून तीच डोळ्यांत सलते.

दर कोठे वाईट मिळतो याचे उत्तर सर्वपरिचित आहे: विमानतळावर. तेथील गाळ्याचे भाडे मोठे असते, आणि सुरक्षा तपासणीकडे निघालेल्या प्रवाशाला दुसरीकडे जाऊन भाव विचारण्याची सवड नसते हे विक्रेत्याला पक्के ठाऊक असते. शनिवार-रविवारीही बँकांमधील चलनबाजार बंद असल्याने सोमवारी दर कोठे उघडेल या अनिश्चिततेची किंमत विक्रेते दरात धरून ठेवतात. त्यामुळे कामाच्या दिवशी, बाजार चालू असताना खरेदी करणे हिताचे ठरते. ज्यांना हिशेब उघडा हवा असतो अशांसाठी क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने २०१९ मध्ये एफएक्स-रिटेल नावाचा मंच सुरू केला असून, तेथे ग्राहकाला बाजारातील दर समोर दिसतो आणि बँक आपला आकार त्यावर वेगळा सांगून घेते. ही सोय अजून फार थोड्या पर्यटकांपर्यंत पोहोचली आहे, आणि ग्राहकाला खरा दर दिसावा असा बँकांचा आग्रह का नसावा, हे सांगायला नको.

दराच्या चढउताराचे भाकीत करून खरेदीची वेळ साधण्याचा प्रयत्न मात्र बहुतेकांनी टाळावा. २०१३ च्या मे महिन्यात साधारण ५५ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर ऑगस्टअखेर ६८ रुपयांच्या पुढे गेला, आणि तो खाली येण्याची वाट पाहत थांबलेल्यांची सहल जवळजवळ पाव पटीने महाग झाली. अशी पडझड रोज होत नाही, परंतु ती कधी होईल हे व्यावसायिकांनाही सांगता येत नाही. लागणारे चलन दोन किंवा तीन टप्प्यांत घेतले, तर सर्वांत चांगला दर हुकतो खरा, पण सर्वांत वाईट दराचा फटकाही अर्धामुर्धाच बसतो.

आता या विषयातील सर्वांत गुंतागुंतीचा भाग, म्हणजे कोणते चलन घेऊन निघावे. ज्या देशात जायचे त्या देशाचेच चलन भारतात घ्यावे हा सरळ वाटणारा नियम युरो, पौंड, सिंगापूर डॉलर आणि दिरहम यांना चांगला लागू पडतो, कारण ही चलने मुंबई-पुण्यात मोठ्या प्रमाणावर विकली-घेतली जातात व त्यांच्या खरेदी-विक्रीच्या दरांतील अंतर आटोक्यात असते. युरोपला निघालेल्याने डॉलर घेऊन जाणे म्हणजे दोनदा विनिमय करून दोनदा तूट सोसणे होय. परंतु थायलंडचा बाट, व्हिएतनामचा डाँग किंवा इंडोनेशियाचा रुपिया यांची भारतातील उलाढाल तुलनेने कमी असल्याने विक्रेता त्यांवर भरभक्कम नफा चढवतो, आणि अशा वेळी दोनदा विनिमय करणेच स्वस्त पडू शकते.

हे आकड्यांत पाहू. डॉलर ९० रुपये आणि एका डॉलरला ३२ बाट असा मध्यदर मानला, तर एका बाटाची मूळ किंमत सुमारे २ रुपये ८१ पैसे होते. पुण्यातील फलकावर बाट ३ रुपयांना असेल, तर वीस हजार बाटांना साठ हजार रुपये लागतील. याउलट तोच प्रवासी ९० रुपये ९० पैशांनी डॉलर घेऊन बँकॉकला गेला आणि तेथे त्याला डॉलरमागे ३१.८० बाट मिळाले, तर वीस हजार बाटांसाठी त्याला सुमारे ६२९ डॉलर, म्हणजे जवळजवळ ५७,२०० रुपये पडतील. हे आकडे उदाहरणापुरते असले तरी अंतराची जात खरी आहे. बँकॉकमध्ये मनी चेंजरांची स्पर्धा तीव्र असून सुपररिचसारख्या पेढ्यांमध्ये डॉलर व बाट यांच्या दरातील फरक फार बारीक असतो. तेथे शंभर डॉलरच्या नोटेला वीस किंवा दहा डॉलरच्या नोटेपेक्षा चांगला दर देण्याची रीतही आहे, म्हणून मोठ्या, कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा नेणे फायद्याचे. त्याच शहरातील विमानतळावरील बँकांच्या खिडक्यांवर मात्र दर शहरातल्यापेक्षा बराच कमी असतो, तेव्हा टॅक्सी आणि पहिल्या जेवणापुरते बाट भारतातून नेऊन उरलेला विनिमय शहरात करणे हा मधला मार्ग ठरतो. बालीमध्ये असाच विनिमय करताना परवानाधारक पेढीच निवडावी लागते, कारण रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर अवास्तव चांगला दर लावून नोटा मोजताना हातचलाखी करण्याचे प्रकार तेथे कुप्रसिद्ध आहेत.

काही चलने डॉलरशी एका ठरावीक दराने बांधलेली असतात; संयुक्त अरब अमिरातींचा दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने जखडलेला आहे. दुबईला डॉलर नेले तर त्यांचा दर पडण्याची भीती नसते, फक्त विनिमय करणाऱ्याच्या नफ्यापुरतीच तूट येते. आपल्या शेजारी नेपाळी रुपया भारतीय रुपयाशी १९९३ पासून १.६० या दराने आणि भूतानचा नगुल्त्रुम एकास एक या दराने बांधलेला आहे. या दोन देशांच्या सहलीसाठी परकीय चलन घेण्याची परवानगीही नाही आणि गरजही नाही, फक्त मोठ्या मूल्याच्या भारतीय नोटांविषयीचे तेथील चालू नियम निघण्यापूर्वी पाहून घ्यावेत.

नोटांपेक्षा कार्डाचा दर चांगला असतो हे वर आलेच, पण कार्डांतही भेद आहेत. भारतीय बँकेच्या साध्या क्रेडिट किंवा डेबिट कार्डाने परदेशात पैसे दिले, तर व्हिसा किंवा मास्टरकार्ड यांचा दर मध्यदराच्या अगदी जवळचा असतो, मात्र त्यावर कार्ड देणारी बँक साधारणतः दोन ते साडेतीन टक्के अधिभार आणि त्या अधिभारावर १८ टक्के वस्तू व सेवा कर घेते. साडेतीन टक्क्यांचे अशा रीतीने ४.१३ टक्के होतात. काही बँकांची कार्डे हा अधिभार घेत नाहीत, आणि ज्याच्याकडे असे कार्ड आहे त्याला दुकानांतील व हॉटेलांतील खर्चासाठी याहून स्वस्त साधन क्वचितच मिळेल. फॉरेक्स कार्डाचा गुण असा की भरलेल्या दिवशीचा दर पक्का होतो. दोष असा की भरलेल्या चलनाव्यतिरिक्त दुसऱ्या चलनात खर्च झाला तर साडेतीन टक्क्यांच्या आसपास परस्पर-विनिमय शुल्क लागते. डॉलर भरलेले कार्ड स्वित्झर्लंडमध्ये वापरणे म्हणजे या शुल्काला आमंत्रण. हॉटेल किंवा भाड्याची मोटार अनामत म्हणून कार्डावरील रक्कम काही दिवस अडवून ठेवते, तेव्हा अनामतीसाठी क्रेडिट कार्ड द्यावे आणि फॉरेक्स कार्डावरील पैसा मोकळा ठेवावा. क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख काढणे मात्र सर्वथा टाळावे, कारण शुल्काखेरीज पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होते. आणखी एक बारीक गोष्ट: २०२० पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नवी कार्डे सुरुवातीस फक्त देशांतर्गत वापरासाठी खुली असतात, त्यामुळे परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून निघण्यापूर्वीच चालू करून घ्यावे लागतात.

कार्डधारकाला परदेशात गाठणारा सर्वांत सभ्य दिसणारा सापळा म्हणजे घरच्या चलनात पैसे देण्याची सोय, जिला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन असे नाव आहे. पॅरिसच्या उपाहारगृहात यंत्रावर ‘युरो की रुपये’ असा प्रश्न येतो आणि ओळखीचा आकडा दिसतो म्हणून प्रवासी रुपयांचे बटण दाबतो. त्या क्षणी विनिमयाचा दर कार्डाच्या जाळ्याकडून निघून त्या दुकानाशी करार केलेल्या कंपनीच्या हाती जातो. तो मध्यदरापेक्षा कित्येक टक्क्यांनी वाईट असतो, आणि व्यापारी परदेशी असल्यामुळे काही भारतीय बँका यावरही आपले शुल्क लावतात. म्हणून स्थानिक चलन निवडणे हा या बाबतीतला अपवाद नसलेला नियम मानता येतो. एटीएमही हाच प्रश्न विचारते, आणि तेथे यंत्राने सुचवलेला विनिमय नाकारला तरी पैसे मिळतात, हे अनेकांना माहीत नसते. एटीएमचे ठरावीक शुल्क हाही हिशेबाचा विषय आहे: थायलंडमध्ये परदेशी कार्डावर प्रत्येक वेळी २२० बाट किंवा त्याहून अधिक घेतले जातात, जे दोन हजार बाट काढणाऱ्याला अकरा टक्के आणि वीस हजार काढणाऱ्याला एक टक्क्याच्या आसपास पडतात.

यूपीआय हे नवे साधन आहे. भूतानमध्ये २०२१ पासून आणि श्रीलंका व मॉरिशसमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून भारतीय ॲपने व्यापाऱ्याला पैसे देता येतात. सिंगापूर, अमिराती आणि नेपाळमध्येही ही सोय आहे, तर फ्रान्समध्ये तिची सुरुवात आयफेल टॉवरच्या तिकिटांपासून झाली. सुटे पैसे बाळगण्याचा त्रास तीमुळे वाचतो, पण येथेही विनिमयाचा दर बँकच लावते, तेव्हा रक्कम मंजूर करण्यापूर्वी रुपयांतील आकडा मध्यदराशी ताडून पाहावा.

कायद्याची चौकट आता पुष्कळ सैल झाली आहे. २००४ मध्ये २५ हजार डॉलरच्या मर्यादेने सुरू झालेल्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली निवासी भारतीयाला आज आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत चलन घेता येते. २०१५ पर्यंत पर्यटनासाठी वर्षाला दहा हजार डॉलरची वेगळी मर्यादा होती, ती या योजनेत विलीन झाली. यातील नोटांच्या रूपात मात्र बहुतेक देशांसाठी एका भेटीमागे तीन हजार डॉलरच नेता येतात, आणि चलनाची किंमत ५० हजार रुपयांच्या वर गेली तर ती रोखीने नव्हे, बँकेमार्फत द्यावी लागते. खरेदी अधिकृत व्यक्तीकडूनच, म्हणजे बँक किंवा रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या मनी चेंजरकडूनच, झाली पाहिजे. ओळखीतल्या कोणाकडून चांगल्या दराने डॉलर घेणे हा ‘फेमा’ कायद्याचा भंग असून दंड रकमेच्या तिप्पटीपर्यंत जाऊ शकतो, शिवाय नोट बनावट निघाली तर दाद मागण्यासाठी पावतीही नसते.

याच योजनेशी टीसीएस, म्हणजे उगमस्थानी गोळा केला जाणारा कर, जोडलेला आहे. एप्रिल २०२५ पासून एका व्यक्तीने वर्षभरात घेतलेल्या चलनाची रक्कम दहा लाखांपर्यंत असेल तर पर्यटनासाठी तो लागत नाही. वरच्या रकमेवर २० टक्के लागतो. बारा लाखांचे चलन घेणाऱ्याकडून अशा रीतीने ४० हजार रुपये घेतले जातात, मात्र हा खर्च नव्हे: तो आयकरात वळता होतो किंवा विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो, पगारदाराला मालकाकडे नोंद देऊन महिन्याच्या कपातीतही तो जुळवून घेता येतो. नुकसान होते ते तेवढा काळ पैसा अडकून पडल्याचे. मर्यादा दरडोई असल्यामुळे नवरा-बायको दोघांचेही उत्पन्न असेल तर प्रत्येकाने आपल्या खर्चाचे चलन आपल्या नावावर घेणे सोयीचे. परदेशात वापरलेले आंतरराष्ट्रीय क्रेडिट कार्ड सध्या या हिशेबाबाहेर आहे, फॉरेक्स व डेबिट कार्ड आत आहेत. आणि सहल कंपनीच्या पॅकेजवरील दर याहून वेगळे असून अर्थसंकल्पागणिक बदलत आले आहेत.

परदेशी राहणाऱ्या आप्तांनी दिलेल्या किंवा मागच्या सहलीतून उरलेल्या नोटा नेण्यापूर्वी त्या चालू आहेत का हे पाहावे लागते. ब्रिटनमधील कागदी २० आणि ५० पौंडांच्या नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर व्यवहारातून बाद झाल्या, आणि स्वित्झर्लंडच्या आठव्या मालिकेच्या नोटा एप्रिल २०२१ अखेर; त्या त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेत बदलून मिळतात, पण दुकानदार घेत नाही. अमेरिकी डॉलरची कोणतीही जुनी नोट कायद्याने बाद नाही, तरी लहान चेहऱ्याची १९९६ पूर्वीची नोट आशियातील अनेक मनी चेंजर नाकारतात.

परतल्यावर उरलेले चलन विकताना दर पुन्हा उलटा फिरतो: जाताना विक्री दराने घेतलेले डॉलर येताना खरेदी दराने द्यावे लागतात, आणि या दोन दरांतील अंतर नोटांत सर्वाधिक असते. म्हणून रोख जेमतेम न्यावी, शेवटच्या दोन दिवसांत कार्डाचा वापर थांबवून हातातील नोटा संपवाव्यात, आणि हॉटेलचे अंतिम बिल काही भाग रोखीने, काही कार्डाने चुकते करावे. उरलेल्या रकमेतील दोन हजार डॉलरपर्यंतच्या नोटा पुढच्या प्रवासासाठी घरी ठेवण्यास नियमाने मोकळीक आहे, त्यावरील चलन परतल्यापासून १८० दिवसांत बँकेत किंवा मनी चेंजरकडे जमा करावे लागते. नाणी बाळगण्यावर मर्यादा नाही, पण भारतात ती सहसा कोणी विकतही घेत नाही, तेव्हा ती परतीच्या विमानतळावर पाणी किंवा कॉफी घेण्यातच संपवलेली बरी.